पोपटीचं मोठं इंजिन

४ मार्च

आज पोपटी दोरीला बांधून घरी आली. पोपटी म्हणजे माझ्या बायकोची पिकअप गाडी. सव्वीस वर्षांची. मूळ रंग पोपटी होता, आता निम्मा पोपटी आणि निम्मा गंज. ही त्या गाडीतून आपल्या रोपवाटिकेतली रोपं पोचवते. आज मात्र पुढे वीटभट्टीवाल्याचा ट्रॅक्टर, मागे दोर, दोराला पोपटी आणि स्टिअरिंगवर ही, मिरवणूक निघाल्यासारखी ऐटीत.

झालं असं, की पहिली दीडशे रोपं आधीच नेऊन ठेवायला ही टेकडीवरच्या वस्तीकडे निघाली होती. तिसऱ्या वळणावर गाडीनं मान टाकली आणि मागे घसरायला लागली. मागून चालत येणाऱ्या एका बाईनं चाकाखाली धोंडा सरकवला म्हणून निभावलं. ही हे सगळं हसत हसत सांगत होती. मला ऐकूनच घाम फुटला.

वस्तीच्या वरचा उतार गेल्या वर्षी ढासळला, दोन घरांच्या अंगणापर्यंत माती आली. मुळांनी माती धरून ठेवावी म्हणून वस्तीनं हिच्याकडे चोवीसशे रोपं सांगितली आहेत. बाहेर कामाला गेलेली तिथली माणसं मेच्या पहिल्या आठवड्यात घरी येतात. लावायला हात मिळतात ते तेवढेच आठ दिवस.

मी म्हटलं, "दुसरी गाडी सांग ना."

"मोठी गाडी त्या वळणांवर मावत नाही, लहान गाडी चढत नाही. पोपटी मावते. तिला फक्त दम कमी पडतो. मोठं इंजिन बसवायचं ठरवलंय मी."

"अगं, म्हातारीला पैलवानाचं काळीज बसवतात का कुणी?"

"तेच बघायला तुम्ही जा. मला रोपांतून हलता येत नाही. गॅरेजमधले मिस्त्री एकटे आहेत. कुणी तरी शहाण्या माणसानं लक्ष ठेवायला हवं."

हे मात्र खरं. छापखान्यात अडतीस वर्षं मी मुद्रितं तपासली, माझ्या नजरेतून वेलांटी सुटली नाही. डिसेंबरात निवृत्त झालो. तेव्हापासून खुर्चीत बसून वर्तमानपत्रातल्या चुकांना लाल पेनानं गोल करतो. आज सत्तावीस निघाल्या. त्या पाठवायच्या कुणाला, हा प्रश्न आहे.

जाईन म्हणालो. लक्ष ठेवायचं तर नोंद हवी, म्हणून ही वही.

६ मार्च

गॅरेजच्या पाटीवरच चूक! 'सर्व गाड्यांची दुरूस्ती' असं लिहिलंय. 'रु' दीर्घ. ज्याला दुरुस्ती हा शब्दच दुरुस्त लिहिता येत नाही, तो गाडी काय दुरुस्त करणार? मी तसं मिस्त्रींना म्हटलं. त्यांनी पाटीकडे वर बघितलं आणि म्हणाले, "पेंटरनं लिहिली. रंग छान लावलाय, नाही?"

मिस्त्री पन्नाशीचे, ठेंगणे, हाताची बोटं पान्यासारखी. बोलतात कमी. इंजिनाशी मात्र बोलतात. पोपटीचं बॉनेट उघडून "काय बाई, थकलीस होय," असं म्हणाले.

मोठं इंजिन एका अपघात झालेल्या व्हॅनचं आहे, भंगारवाल्याकडे पडलंय. आत्ताच्या इंजिनापेक्षा जवळजवळ दुप्पट ताकदीचं. मला वाटलं होतं, जुनं काढायचं, नवं ठेवायचं, चार बोल्ट आवळायचे. मिस्त्रींनी बोटांवर मोजत सांगितलं, "इंजिन मोठं म्हणजे गिअरबॉक्स त्याच्याबरोबरचा. गिअरबॉक्स लांब, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आखूड. इंजिन जड, म्हणजे पुढचे स्प्रिंगचे पाटे जाड. तापणार जास्त, म्हणजे रेडिएटर मोठा. आणि ज्याला पळायला शिकवलं त्याला थांबायलाही शिकवायचं, म्हणजे ब्रेक."

मग त्यांनी व्हॅनच्या इंजिनाचं पुस्तक माझ्या हातात दिलं. "साहेब, जरा वाचून दाखवता? चष्मा घरी राहिला."

मी वाचलं. बावीस पानांत एकोणीस चुका निघाल्या. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "तो बोल्ट आवळायचा भाग परत." परत वाचला. त्यांनी लिहून काही घेतलं नाही. एवढं बेफिकीर माणूस पाहिलं नाही.

९ मार्च

जुनं इंजिन निघालं. छताच्या तुळईला साखळी आणि पुली लावून मिस्त्री एकटेच ओढत होते. मला म्हणाले, "साहेब, तुम्ही फक्त हाताचा आधार द्या, हेलकावे खाऊ देऊ नका." मी दिला. आयुष्यात पहिल्यांदा इंजिनाला हात लावला. काळं, तेलकट आणि, का कोण जाणे, कोमट वाटलं. पाच दिवस बंद असलेलं इंजिन कोमट कसं असेल? माझाच हात असेल.

बाहेर काढून ठेवल्यावर पोपटीच्या पुढच्या बाजूला नुसती पोकळी. बघवेना. मला का कोण जाणे छापखान्यातली माझी खोली आठवली. तिथे आता कपाटं ठेवलीत म्हणे.

सदऱ्यावर तेलाचा डाग. ही उलट खूश दिसली. डाग पडल्यावर खूश होणारी ही पहिलीच वेळ.

१० मार्च

अंग दुखतंय. गॅरेजला गेलोच.

१३ मार्च

भंगारवाल्याकडे इंजिन आणायला गेलो. मिस्त्रींनी इंजिनाभोवती तीन फेऱ्या मारल्या, कान लावून दांडा हातानं फिरवला, चार हातांवरून एका कोपऱ्यातली केसाएवढी भेग दाखवली. (ती झाकणावर होती, झाकण बदलून मिळालं.) चष्म्याशिवाय! दूरची नजर उत्तम दिसते.

भंगारवाल्यानं कागद दिला. मिस्त्री म्हणाले, "साहेब, चष्मा..." मी म्हटलं, "आणा इकडे." गाडीच्या नोंदणी कचेरीत नव्या इंजिनाचा नंबर दाखवावा लागतो. कागदावरचा नंबर आणि इंजिनावर ठोकलेला नंबर तंतोतंत जुळायला हवा, नाहीतर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. इंजिनावरचा नंबर गंजाखाली होता. घासून काढला, वर कागद धरून पेन्सिल फिरवली. नंबर उमटला. अकरा आकडे.

कागदावर सातवा आकडा आठ. इंजिनावर तीन.

भंगारवाला म्हणाला, "अहो, एका आकड्यानं काय होतंय?"

मी त्याला जे सांगितलं ते अडतीस वर्षं साठवलेलं होतं. एका मात्रेनं 'मल' या शब्दाचा 'मेल' होतो हे सांगितलं. एका छापील तारखेच्या चुकीमुळे चारशे पाहुणे आदल्या दिवशी येऊन बसले होते, तेही सांगितलं. शेवटी त्यानं हात जोडले आणि कागद नवीन करून दिला.

परत येताना मिस्त्री माझ्या हातातल्या कागदाकडे वळून वळून बघत होते. मग म्हणाले, "तो तीन आणि आठ... दाखवा बरं परत. कुठे फरक पडतो?" मी पेन्सिलचा कागद दाखवला. आठाची वरची गाठ, तिनाची मोकळी पाठ. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. ठेवू दे, मला काय करायचाय?

१८ मार्च

गंमत लिहून ठेवतो. संध्याकाळी ही मुलीशी फोनवर बोलत होती. मुलगी लांबच्या शहरात असते, रोज चौकशी करते. ही म्हणत होती, "हो गं, हळूहळू सुरू होतंय. आवाज अजून येतो थोडा, पण धूर कमी झालाय. आज तर स्वतःहून लवकर निघालं. नाही नाही, मोडीत कशाला काढायचं? चांगली वीस वर्षं चालेल अजून."

आता इंजिन तर गॅरेजमध्ये लाकडी ठोकळ्यावर थंड पडलंय. ते सुरू कुठे झालं, धूर कुठे काढला? इतकी वर्षं गाडी चालवते, पण यंत्रातलं हिला ओ की ठो कळत नाही. मी दुरुस्त करणार होतो, पण मुलीसमोर कशाला.

२१ मार्च

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही.

व्हॅनच्या इंजिनाच्या वायरी आणि पोपटीच्या वायरी एकमेकींना जोडायच्या आहेत. एकूण एकतीस. मिस्त्रींनी गेले तीन दिवस एकेक वायर तपासून प्रत्येकीला पांढरी पट्टी चिकटवली होती आणि पट्टीवर चित्रं काढली होती. मासा, कावळा, चंद्र, शिडी, कुलूप. पोरखेळ! मिस्त्री शाफ्ट घेऊन लेथवाल्या टर्नरकडे गेले होते. मी म्हटलं, माणूस यायच्या आत हे नीटनेटकं करून ठेवू, खूश होईल. सगळ्या पट्ट्या सोलून काढल्या, टाकून दिल्या आणि नव्या पट्ट्यांवर एक ते एकतीस आकडे घातले. ठसठशीत, छापल्यासारखे.

मिस्त्री आले. वायरींकडे बघत राहिले.

"साहेब, ही एक नंबर कशाची?"

मी म्हटलं, "ते तुम्हाला माहीत असेल ना."

"मला मासा माहीत होता."

जुन्या पट्ट्या शोधल्या. वापरलेल्या तेलाच्या डब्यात पडून सगळ्या काळ्या झाल्या होत्या. मिस्त्री बाहेर जाऊन टायरवर बसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. थोड्या वेळानं आत येऊन त्यांनी मला चहा दिला. कप मी धुऊन ठेवले.

२२ मार्च

हिला सांगितलं, "मी काही आता जाणार नाही. मी गेलो नसतो तर तीन दिवस वाचले असते. माझं काम कागदावरचं. माझी जागा खुर्चीत."

ही रोपांच्या पिशव्यांत माती भरत होती. हात थांबले. मला वाटलं, आता हो म्हणेल. तर म्हणाली, "छापखान्यात कुणाच्या हातून चूक झाली की दुरुस्ती कोण करायचा?"

"ज्यानं केली तोच. नियमच होता."

"कुणाचा नियम?"

"माझा."

"मग?" म्हणाली, आणि परत माती भरायला लागली.

मला हिचा कधी कधी रागच येतो. सदरा घातला आणि गेलो.

२५ मार्च

तीन दिवस सकाळी आठ ते पाच, मी आणि मिस्त्री. ते बल्ब आणि बॅटरी घेऊन एकेक वायर शोधतात, मी पट्टी लिहितो. चित्रांमागे अर्थ होता, तो आता कळला. मासा म्हणजे काच पुसायचा वायपर, कारण पाण्याशी संबंध. कावळा म्हणजे हॉर्न. सूर्य मोठा दिवा, चंद्र बारीक दिवा. मी म्हटलं, "तुम्ही कलावंत आहात, पण शब्दच का नाही लिहीत?" ते म्हणाले, "तुम्ही शब्द लिहा साहेब, आणि शेजारी चित्र काढा. चित्र लांबून दिसतं." पटलं. माझा मासा बटाट्यासारखा येतो. मिस्त्री तो बघून पहिल्यांदा मोठ्यानं हसले. मला हायसं वाटलं.

प्रत्येक पट्टी लिहिली की ते विचारतात, "हे काय लिहिलंत?" मी म्हणतो, "हॉर्न." मग विचारतात, "यातला ह कुठला?" बहुतेक माझं अक्षर तेलकट हातांमुळे बिघडलंय. आता प्रत्येक अक्षर मोठं, सुटं काढतो.

काल अचानक ते मला 'गुरुजी' म्हणायला लागले. मी तर जन्मात कुणाला शिकवलं नाही. चष्म्यामुळे म्हणत असतील.

३ एप्रिल

इंजिन चासीवर बसत नाही! खालचा तेलाचा डबा आडव्या लोखंडी पट्टीला टेकतो. फक्त दोन बोटं. दोन बोटांसाठी अख्खं काम अडलं. माझ्या मनात आलं, हे आता काही होत नाही. महिना गेला. पोपटीला पुढे भोक, रोपं पिशव्यांत वाढताहेत, हिनं वस्तीला शब्द दिलाय. हिला हे सांगवेना, म्हणून घरी "छान चाललंय" म्हणालो. ही म्हणाली, "दोन बोटं ना? होईल." हिला कुणी सांगितलं?

५ एप्रिल

झालं. तेलाचा डबा कापून त्याची खोलगट बाजू मागे घेतली आणि परत वेल्डिंग केलं. इंजिन ज्यावर बसतं ते कानही नवे केले. लोखंड कापण्याआधी नमुना लागतो, तर मी छापखान्यातून आणलेले जुने पुठ्ठे दिले. एका पुठ्ठ्यावर कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ होतं. आता त्या मापाच्या लोखंडावर इंजिन बसलंय. कवीला कळलं तर काय म्हणेल!

डब्यात पाणी भरून तासभर ठेवलं. एक थेंब गळला नाही. आम्ही दोघं त्या डब्याकडे पाळण्यातल्या मुलाकडे बघावं तसे बघत बसलो.

११ एप्रिल

सुरू झालं!

सगळं लिहितो. डिझेल भरलं. नळीत हवा अडकली की इंजिन पेटत नाही म्हणून मिस्त्रींनी नट सैल करून हवा काढली. बुडबुडे, बुडबुडे, मग नुसतं डिझेल. ही रोपवाटिकेतून मुद्दाम आली होती, हात मातीचे. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, तुम्ही किल्ली फिरवा."

मी म्हटलं, "मला गाडी येत नाही."

"गाडी कुठे चालवायचीय? किल्ली फिरवायचीय."

मी बसलो. पहिल्यांदा नुसतं खर्र झालं. दुसऱ्यांदा खर्र आणि एक ढेकर. तिसऱ्यांदा सगळी पोपटी हलली, मागून काळा लोट निघाला आणि असा आवाज आला, असा आवाज, की माझ्या छातीत शिरून पाठीतून बाहेर पडला. मी इतका गडबडलो की किल्ली सोडायचीच विसरलो. इंजिन चालू आणि सेल्फ-स्टार्टर किंचाळतोय. "सोडा! गुरुजी, सोडा!" मिस्त्री आणि ही एकदम ओरडले. सोडली. मग नुसतं इंजिन. जाड, सावकाश, जेवून उठलेल्या माणसासारखं.

ही बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. बॉनेटवर मातीचे पाच ठसे उमटले. बघत मात्र माझ्याकडे होती. मी उतरून म्हटलं, "इंजिन बघ, मला काय बघतेस?"

१९ एप्रिल

सपाट रस्त्यावर गाडी फिरवून आणली. वेग वाढला की सगळी गाडी हिवताप आल्यासारखी थडथडते. शाफ्ट कापून जोडला होता, त्याचा तोल गेलाय. टर्नरनं शाफ्ट परत फिरवून पाहिला, एका बाजूला नाण्याएवढं वजन चिकटवलं. थडथड गेली. एवढ्या मोठ्या गाडीला नाण्याएवढी चूक सहन होत नाही. माझ्या जातीची निघाली!

आणखी एक. मोठ्या रेडिएटरच्या पंख्याच्या वायरीवर पट्टी नव्हती, तर मिस्त्रींनीच लिहून लावली. 'पखा'. मी लाल पेन काढलं आणि प वर अनुस्वार दिला. मिस्त्री त्या ठिपक्याकडे बघत राहिले. "एवढ्याशा ठिपक्यानं?"

"ठिपक्याशिवाय पंखा फिरत नाही," मी म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत ते त्याच पट्टीवर बोट फिरवत बसले होते. आणि वायपरच्या वायरीवरचा मासा तेलानं पुसला गेलाय, तरी त्यांनी चष्म्याशिवाय बरोबर 'वायपर' ओळखला. मी म्हणतो ना, नजर चांगली आहे.

२८ एप्रिल

नोंदणी कचेरीत तपासणी. ब्रेक, पाटे, सगळं झालेलं. तरी मी कागद तीनदा तपासले. तपासणारे साहेब तरुण, गंभीर. विजेरी घेऊन पोपटीखाली आडवे झाले. मिस्त्री भिंतीला टेकून उभे, घाम पुसताहेत. साहेबांनी इंजिनाचा नंबर एकेक आकडा मोठ्यानं वाचला, मी कागद धरून उभा. सातव्या आकड्यावर मी बोट ठेवलं. "तीन," साहेब म्हणाले. मी म्हटलं, "तीन."

मग गाडी पळवून ब्रेक मारून पाहिला. पोपटी जागच्या जागी थांबली, काळ्या रेघा ओढून. साहेब म्हणाले, "काम कुणी केलं?" मिस्त्री पुढे झाले. साहेबांनी फॉर्म सरकवला, "इथे नाव लिहून सही करा."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चष्मा राहिला का? मी लिहू?"

ते म्हणाले, "नको गुरुजी. मीच लिहितो."

सही करायला इतका वेळ लावलेला मी पाहिला नाही. जीभ दातात धरून, एकेक अक्षर. मागे रांग खोळंबली. पण नाव स्वच्छ, एकही चूक नाही, आणि तसं मी सांगितलंही. तर मिस्त्रींनी मान फिरवली, डोळ्यात काही तरी गेलं म्हणाले. सरकारी कचेऱ्यांत धूळ फार.

परवानगीचा शिक्का मिळाला. मिस्त्रींनी त्या फॉर्मची एक प्रत मागून घेतली.

३ मे

आज पहिली खेप. चारशे रोपं. एकावर एक नाही, फळ्या टाकून दोन मजले. सकाळी उजाडताच निघालो. ही चालवायला, मी शेजारी, मिस्त्री मागे रोपांत. "रोपं हलली तर धरायला," असं त्यांनी सांगितलं. खरं म्हणजे त्यांना इंजिन ऐकायचं होतं.

पहिलं वळण, दुसरं वळण. मी तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून होतो. तेच माझं काम. काटा मध्यावर. तिसऱ्या वळणाला चढ एकदम उभा राहतो. समोर रस्ता दिसतच नाही, नुसतं आभाळ. हिनं गिअर उतरवला. इंजिनाचा आवाज खाली आला, जाड झाला, गाडी मंदावली. अगदी मंदावली. मी दोन्ही पाय गाडीच्या तळाला रोवले, जणू मीच ढकलतोय. हिच्या कपाळाची शीर दिसत होती. मागून मिस्त्री टपावर थाप मारून ओरडले, "दाबा ताई! घाबरू नका, तिच्यात अजून आहे!"

हिनं दाबलं. आणि पोपटी चढली. उडी नाही, झटका नाही, बैल नांगर ओढतो तशी, एकेक हात रस्ता मागे टाकत. वळण संपलं तेव्हा मी "शाबास!" असं इतक्या जोरात ओरडलो की ही दचकली. कुणाला म्हणालो ते मलाही माहीत नाही.

वस्तीवर माणसं वाट बघत होती. गाडी टेकली तशी रांग लागली. हातोहात रोपं उतरली, मीही रांगेत उभा राहिलो. माझ्या एका बाजूला एक म्हातारे आजोबा, दुसऱ्या बाजूला मिस्त्री. आजोबांनी विचारलं, "हे कसलं रोप?" पिशवीवर हिनं चिठ्ठी लावली होती. मी सांगायच्या आत मिस्त्रींनी अक्षराला अक्षर लावून वाचलं, "करं... ज. करंज." आणि आपणच इतके खूश झाले, जणू झाड त्यांनी शोधून काढलं. मी चष्म्याचं विचारणार होतो, पण रोप हातात आलं आणि राहिलं.

उताराच्या कडेला लोकांनी खड्डे काढून ठेवलेत, ओळीच्या ओळी. एका बाईनं मला कुदळ दिली. मी पाच रोपं लावली. पाचवं जरा तिरकं झालं, ते काढून परत लावलं.

दुपारी ही आणि मी पोपटीच्या सावलीत बसलो होतो. इंजिन गार होताना टिकटिकत होतं. संध्याकाळी दुसरी खेप, उद्या-परवा उरलेल्या चार. माझ्या नखांत माती, सदऱ्यावर तेल, डोक्यात पानं. मी हिला सांगत होतो, की मिस्त्री सोमवारपासून एका जुन्या मिनीबसचं काम घेताहेत, त्यांना कागद बघायला कुणी तरी हवंय, आणि मी हो म्हणालोय, आणि आधी ती गॅरेजची पाटी पुसून घेऊ म्हणालोय, नवी मिस्त्रींनाच लिहायचीय म्हणे, मी फक्त तपासायची...

बोलता बोलता लक्षात आलं, ही ऐकत नाहीये. नुसती बघतेय.

"काय?" मी म्हटलं.

"आलात बाई शेवटी," ही म्हणाली.

"कुठे आलो? पहाटेपासून तुझ्या शेजारीच बसलोय की!"

यावर ही इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं आणि पदरानं पुसताना माती गालभर झाली. मिस्त्रीही लांबून हसायला लागले. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही. पण हसताना ही इतकी छान दिसत होती, की मीही हसलो.